साहेबांचं झाकण

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. म्हणजे दिवसभर अनोळखी माणसं मला मारायचा प्रयत्न करतात आणि मी माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून त्यांना शाबासकी देते. असल्या धंद्यात माणूस भोळा राहत नाही. कोणी चमत्कार वगैरे शब्द काढला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. म्हणून आधीच सांगते, पुढे लिहिलंय ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय आणि अजूनही आठवलं की अंगावर काटा येतो.

माझी काकू कपडे दुरुस्त करते. नवे शिवत नाही. "नवं काय, कोणीही शिवेल. बिघडलेलं सरळ करायला डोकं लागतं," हे तिचं म्हणणं. पँटी आखूड कर, चेन बदल, कोटाचं फाटलेलं अस्तर लाव, बारीक झालेल्या माणसाचा शर्ट आत घे आणि जाड झालेल्याचा, त्याला न हिणवता, सैल कर. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीला टेकून इस्त्रीचं टेबल आणि त्याच्या मागे स्वयंपाकघर. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. आई गेल्यापासून माझं रविवारचं खाणंपिणं काकूकडेच.

काकूचं स्वच्छतेचं वेड नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. लोकांचे पांढरे कपडे घरात येतात, डाग पडला तर तोंड दाखवायला जागा नाही, हे कारण. पण माझं मत विचाराल तर कपडे नसते तरी ती तशीच असती. आणि अशा बाईच्या पदरी पडले बेकरीत काम करणारे काका. काका सकाळी कामावरून यायचे ते पापण्यांपर्यंत पिठाने माखून. काकू त्यांना उंबऱ्याबाहेर उभं करायची आणि कपड्यांच्या ब्रशने झाडायची. पुढून, मागून, कॉलर वर करून. काका हात पसरून शांतपणे गोल फिरायचे. शेजारचे जिन्यातून जाता जाता म्हणायचे, "आज किती किलो निघालं?" काका हसायचे, बोलायचे नाहीत. बोलण्याच्या बाबतीत काका महागच. सकाळी एक वाक्य बोलले की ते संध्याकाळपर्यंत पुरायचं.

पुढे बेकरीच्या मालकाने इमारत विकली. भट्टी मोडली, ट्रे, फळ्या, साचे सगळं गाडीत भरून गेलं. सगळ्यांत जुना कामगार म्हणून मालकाने काकांना विचारलं, तुला काय हवं? काकांनी मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत खमीर भरून आणलं. खमीर म्हणजे पीठ आणि पाणी आंबवून जिवंत ठेवलेला लगदा, ज्याने पाव फुगतो. बेकरीत तो किती वर्षं चालला होता हे खुद्द मालकालाही माहीत नव्हतं. त्याच्या बापाने सुरू केला की बापाच्या आधीच्या कोणी, यावर त्यांच्यात वाद होते.

काकूने बरणी नाकाशी नेली आणि तोंड आंबट केलं. "हे काय आणलंत?"

"साहेब आहेत," काका म्हणाले. "वेळेवर जेवायला घालायचं. नाही घातलं तर रुसतात."

तेव्हापासून ते साहेबच. साहेब फुगले, साहेब बसले, साहेबांना आज थंडी वाजतेय. काका दर आठवड्याला अर्धं खमीर काढायचे आणि उरलेल्यात ताजं पीठ-पाणी घालायचे. काढलेलं अर्धं जायचं मोरीत. एकदा ते नळीत सिमेंटासारखं बसलं आणि प्लंबर येईपर्यंत काकू ज्या भाषेत बोलली ती मी गाडीत वापरते. त्यानंतर तिने जाहीर केलं की या घरात अन्न मोरीत जाणार नाही, आणि त्या काढलेल्या खमिरात लोणी, तपकिरी साखर, अंडं, पीठ आणि भाजलेले अक्रोड घालून कुकीज केल्या. आंबट पिठाची गोड कुकी कोण खाणार, असं स्वतःच पुटपुटत.

सगळ्यांनी खाल्ली. त्या कुकीत काय आहे ते मला आजही नीट सांगता येत नाही. लोणी आधी कढवून तपकिरी केलेलं असतं, त्याचा खमंगपणा. मग गोडवा. आणि गिळून झाल्यावर, आपण दुसऱ्या विषयाकडे वळलो की, जिभेच्या कडेला एक बारीक आंबट चिमटा. त्या चिमट्यासाठी लगेच दुसरी उचलावी लागते. काकू पिठाची वळकटी करून फ्रिजमध्ये थंड करायची आणि मग सुरीने नाही, जाड दोऱ्याने कापायची. दोरा खालून घ्यायचा, वर दोन्ही टोकं फुलीसारखी ओढायची, टच्. सगळ्या चकत्या एका जाडीच्या. मग बोथट सुईने प्रत्येकीला चार भोकं. म्हणून आमच्यात त्यांना कुकी कोणी म्हणत नाही, बटणं म्हणतात. रविवारी सकाळी बटणं. आजारपण असो, पाहुणे असोत, काकूच्या मशीनवर कामाचा ढीग असो.

आता झाकणाचं सांगते, कारण गोष्ट तिथेच आहे.

बरणीचं झाकण पत्र्याचं, आट्यांचं. साहेब फुगले की वर येऊन झाकणाला लागायचे आणि तिथेच वाळायचे. आट्यांमध्ये करड्या रंगाची जाड खपली धरलेली. काकूला ती दिसली की तिच्या हातांना खाज सुटायची. पण काकांनी एकच नियम घालून दिला होता. बरणी धू, चमचा धू, फडकं उकळ. झाकण धुवायचं नाही.

"का पण?"

"नाही धुवायचं."

"अहो, घाण आहे ती! माणसं खातात यातलं!"

"असू दे."

या घरातलं प्रत्येक भांडण काकूने जिंकलेलं आहे. चपला बाहेर, पेपर घडी करून, ओला टॉवेल पलंगावर नाही. काका सगळीकडे हरले आणि आनंदाने हरले. फक्त झाकणापाशी ते भिंतीसारखे उभे राहिले. एकदा काकूने ते गुपचूप मोरीत नेलं आणि घासणी लावणार एवढ्यात काकांनी मागून येऊन तिच्या ओल्या हातातून काढून घेतलं आणि शर्टाच्या खिशात घातलं. त्या दिवशी ते झाकण खिशात घेऊनच दाताच्या डॉक्टरकडे गेले. काकू महिनाभर सगळ्यांना सांगत होती, "माझ्यावर विश्वास नाही, झाकणावर आहे." कारण मात्र काकांनी सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नसेल. बेकरीत झाकण धूत नव्हते, बस.

मग काका गेले. झोपेत, कोणाला त्रास न देता, त्यांच्या स्वभावाप्रमाणे. काकू चारचौघांत रडली नाही. आलेल्यांना चहा दिला, गेलेल्यांच्या मागे फरशी पुसली. रविवार आला तशी उठली, साहेबांना पीठ-पाणी घातलं आणि काढलेल्या खमिराची बटणं केली. मी ओट्याशी उभी होते. चमचा बरणीत फिरवता फिरवता ती म्हणाली, "त्यांचा हात आहे गं यात."

मला गप्प बसता येत नाही, हा माझा दोष सगळ्यांना माहीत आहे. काही महिने गेल्यावर एका रविवारी मी म्हटलं, "काकू, तू दर आठवड्याला अर्धं काढतेस, अर्धं नवं घालतेस. विचार केला तर काकांच्या हातचं आता यात काहीच उरलेलं नाही."

तिने माझ्याकडे निवांत पाहिलं. "तुझ्यात तुझ्या आजीचं काय उरलंय? हाड नाही, मांस नाही. पण नाकावरचा राग बघ. तिचाच."

मी बरणीकडे पाहिलं. काचेच्या आत बुडबुडे हळूहळू वर चढत होते, एक फुटत होता, दुसरा येत होता, आणि हे सगळं माझ्या जन्माच्या आधीपासून कुठल्या ना कुठल्या भांड्यात न थांबता चाललंय हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं. मी खुर्ची ओढून बसलेच.

झाकण काकूने तसंच ठेवलं होतं, खपलीसकट. मी विचारलं तर म्हणाली, "भांडायला माणूसच नाही. मग जिंकून काय करू?"

त्या वर्षी थंडी जरा जास्तच पडली. काकूचं स्वयंपाकघर उत्तरेला, तिथे साहेब मान वर करेनात. मग तिने बरणीवर फडकं बांधून ती ओव्हनमध्ये ठेवायला सुरुवात केली. ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू. दिव्याची ऊब साहेबांना पुरायची. झाकण बाहेर, फळीवर. आणि चुकून कोणी ओव्हन लावू नये म्हणून तिने उरलेल्या लाल कापडाचं एक छोटं टोपडं शिवलं, इलॅस्टिक घालून. टोपडं ओव्हनच्या बटणावर चढवलेलं असलं की समजायचं, साहेब आत झोपलेत. आल्यागेल्यालाही ती बजावायची. आम्ही हसायचो, पण पद्धत बिनचूक होती.

बिनचूक पद्धतीला काकूच्याच स्वभावाने दगा दिला. टोपड्याला लोण्याचे डाग पडले होते. शनिवारी तिने ते धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं. रविवारी सकाळी बटणांची वळकटी फ्रिजमधून काढली, चकत्या कापल्या, भोकं पाडली. ओव्हनच्या बटणावर टोपडं नाही. हात सवयीने गेला आणि ओव्हन लागला. तापेपर्यंत एक चेन बसवून घेऊ म्हणून ती मशीनवर जाऊन बसली.

मी आले तेव्हा ती पाय हलवत चेन शिवत होती. मी म्हटलं, "आज पाव पण केलास का? काय मस्त वास सुटलाय!"

मशीन थांबलं. काकूने मान वर केली. मग तिची नजर खिडकीबाहेर दोरीवर गेली, तिथे ते लाल टोपडं वाऱ्यावर हलत होतं. तिचा चेहरा मी असा कधीच पाहिला नव्हता, काकांच्या वेळीसुद्धा नाही.

ती धावली नाही. चालत गेली, ओव्हन बंद केला, दार उघडलं. साहेब बरणीतून उसळून बाहेर आले होते आणि तसेच भाजून घट्ट झाले होते, वर बदामी, कडेला काळे. फडकं जळून चिकटलेलं. काकूने जाड रुमालाने बरणी काढून ओट्यावर ठेवली. लांब सुई घेऊन मधोमध खुपसली. सुई कोरडी बाहेर आली. तिने पुन्हा दुसरीकडे खुपसली, मग तिसरीकडे. शेवटी मी तिचा हात धरला.

"कोणाला दिलं असेल ना काकांनी यातलं?" मी म्हटलं.

"दोघांना दिलं होतं. एकीने फ्रिजमध्ये विसरून मारलं, एकीने भांडं घासून टाकलं."

"मग आपण नवं लावू. पीठ आणि पाणीच तर आहे."

"नवे साहेब नकोत मला," काकू म्हणाली. आणि बरणीकडे बघत, "माझ्याच हाताने गं."

ती वळकटीची बटणं भाजलीच नाहीत; त्यांतलं खमीर लोणी, साखर, अंड्यात विरलेलं, ते परत वेगळं काढता येण्यासारखं नव्हतं. दुपारपर्यंत ओट्यावर पडून मऊ झाली, मग तिने ती कागदात गुंडाळून टाकून दिली. अन्न टाकताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

त्या आठवड्यात काकूने दारावर 'काम बंद' अशी चिठ्ठी लावली. लोक पँटी घेऊन येत, वाचून परत जात. मी रोज शिकवून आले की डोकावायचे. ती मशीनशी बसलेली असायची, पण मशीनवर कव्हर. जेवलीस का विचारलं तर हो म्हणायची आणि भांडी कोरडी असायची. तिला धीर द्यायला मी काय काय बोलले ते आठवून लाज वाटते. माझं काम म्हणजे घाबरलेल्या माणसाला पुढे ढकलणं. पण इथे गाडीच नव्हती.

मग एके दिवशी मी गेले तर स्वयंपाकघर लखलखत होतं. तिने फळ्या रिकाम्या करून घासल्या होत्या, डबे, चाळण्या, ओव्हनची जाळी. ती बरणी खरवडून, उकळून पालथी घातली होती. लाल टोपडं घडी करून शिवणाच्या डब्यात ठेवलं होतं. मला बरं वाटलं, म्हटलं, चला, मूळ स्वभाव परत आला. तेवढ्यात इस्त्रीच्या टेबलावर लक्ष गेलं. पीठ मळायच्या वाडग्यात कोमट पाणी आणि पाण्यात ते झाकण.

"काकू, झाकण?"

"खपली दगड झालीय. भिजू दे, मग घासते." तिचा आवाज सपाट होता. "आता कोणासाठी ठेवायचं?"

सगळं संपल्याची खूण मला तिथे दिसली, रिकाम्या बरणीतही दिसली नव्हती इतकी स्पष्ट.

ती त्या दिवशी झाकण घासू शकली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मशीनशी बसल्या बसल्या तिला वाडगा दिसायचा, ती उठायची, पुन्हा बसायची. वाडगा तिथेच, थंडीसाठी लावलेल्या हीटरच्या शेजारी.

त्यानंतरच्या दिवशी माझी शिकाऊ बाई आलीच नाही, म्हणून मी दुपारीच काकूकडे गेले. ठरवलं, तो वाडगा आपणच ओतून टाकायचा, झाकण नजरेआड करायचं, पुढचं पुढे. वाडगा उचलून मोरीपर्यंत नेला. वाकडा केला. आणि थांबले.

वास आला. हिरव्या सफरचंदासारखा, थोडा दह्याकडे झुकणारा, रविवार सकाळचा वास. मी वाडगा खिडकीशी धरला. पाणी दुधाळ झालं होतं. खपली मऊ होऊन झाकणाच्या आट्यांतून सुटत होती, आणि तिच्या कडेला, अगदी कडेला, टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे. मी बघत असताना त्यातला एक सुटला आणि वर आला.

"काकू," मी म्हटलं. "काकू, इकडे ये."

ती आली. वाकली. नाक पाण्याला लागेल इतकी वाकली आणि तशीच राहिली. मला वाटलं तिला चक्कर आली. मग तिने हळूच हात लांब केला, मोजमाप न घेता चमचाभर पीठ घेतलं आणि त्या पाण्यात सोडलं. झाकणावरची सुटलेली खपली बोटाने चोळून त्यात मिसळली. वाडग्यावर स्वच्छ फडकं टाकलं.

पुढचे दिवस कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. आधी काहीच झालं नाही. मग वरती करडं पाणी साठलं आणि इतका घाण वास आला की मी आशाच सोडली. काकू मात्र दटावून म्हणाली, "आजारपणातून उठलेल्या माणसाला पहिल्यांदा घाणच वास येतो. गप्प बस." तिने थोडं काढलं, थोडं पीठ घातलं. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. वाडगा शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसायची. मी माझ्या शिकाऊंना चौकात डावीकडे वळवता वळवता मनात साहेबांची चौकशी करत होते. एकाने मला विचारलं, "मॅडम, घरी कोणी दवाखान्यात आहे का?" मी हो म्हटलं.

आणि मग एका सकाळी तिने खालून काठीने माझी फरशी ठोकली. मी तशीच अनवाणी जिना उतरले. वाडग्यात लगदा दुप्पट फुगला होता, वर घुमटासारखा, भोकाभोकांचा, थरथरणारा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हट्टी माणसांना नावं ठेवायला, पण त्या सकाळी मला त्या हट्टापुढे हात जोडावेसे वाटले. भाजून राख झालेले, वाळून दगड झालेले, पत्र्याच्या आट्यांत कोण जाणे किती वर्षं दम धरून बसलेले, चमचाभर पाण्याची वाट बघत. आणि आम्ही त्याला घाण म्हणत होतो. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

काकू रडली नाही. ती भडकली. ओट्याशेजारच्या, काका बसायचे त्या रिकाम्या स्टुलाकडे वळली आणि जे मनात साचलं होतं ते सगळं बाहेर आलं.

"म्हणून धुवू देत नव्हतात! म्हणून! तोंडाने सांगायला काय झालं होतं हो? एवढं खिशात घालून डॉक्टरकडे गेलात, एक शब्द नाही काढलात! उद्या हिच्या हातून काही झालं तर असू दे म्हणून ठेवलंत ना? का गाढवासारखं नुसतं ऐकीव पाळत होतात? सांगा ना! मी घासून टाकलं असतं तर? रोज घासणी घेऊन उभी होते मी, रोज! आणि तुम्ही आपले, असू दे, असू दे..." इथे तिचा आवाज फुटला. मग मात्र ती रडली, काका गेल्यापासूनचं सगळं रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले आणि एकदाची गप्प बसले.

दारावरची चिठ्ठी त्याच दिवशी उतरली. रविवारी मी गेले तर लोणी कढत होतं. वळकटी, दोरा, टच् टच्, चार चार भोकं. ओव्हनच्या बटणावर आता दोन टोपडी आहेत, एक धुवायला गेलं तर दुसरं असावं म्हणून. पहिलं गरम बटण तिने माझ्या हातात दिलं. लोण्याचा खमंगपणा, मग गोडवा. मी वाट बघत राहिले. आणि आला तो चिमटा, जिभेच्या कडेला, पूर्वीपेक्षा जरा जोरात.

"साहेब चिडलेत अजून," मी म्हटलं.

"चिडू देत. भाजले होते ते."

काकूने बरणी भरली. झाकण हातात घेतलं. ते आता साफ होतं, भिजून, सुटून, आट्यांचा पत्रा चकाकत होता. आयुष्यभर तिला ते जसं हवं होतं अगदी तसं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं. मग बरणीत बोट बुडवलं आणि खमिराचा एक जाड थर झाकणाच्या आतून, आट्यांमधून, सगळीकडून नीट गोल फिरवून लावला. झाकण वाळत ठेवलं, तेही काकांच्या स्टुलावर.

"घ्या," ती म्हणाली. "जिंकलात."

बोट मात्र तिने लगेच धुतलं.